पुस्तकातल्या बाई कुठं गेल्या?

१

कौसल्या भोयर यांना जाऊन चार महिने झाले होते, आणि त्यांची कादंबरी दुसऱ्याच्या नावावर छापून आली होती.

हे त्यांच्या मुलीला, रोशनीला, कळलं ते कॉलेजच्या ग्रंथालयात नव्या पुस्तकांचा गठ्ठा सोडताना. ती तिथली ग्रंथपाल. पुस्तकावर शिक्का मारण्याआधी त्याचं एखादं पान वाचायची तिची जुनी खोड. 'अडीच हजार धागे', किशोर कादंबरी, लेखक अंकुर मेंढे. तिने मधलंच पान उघडलं. विणकराच्या घरातली बारा वर्षांची पोर बापाचा चष्मा लपवत होती. बापाची नजर गेली होती. चष्माच सापडला नाही तर त्याला वाटेल की चष्मा नाही म्हणून दिसत नाही, एवढंच त्या पोरीचं गणित होतं.

रोशनीने हाताने पान झाकलं. पुढचं वाक्य तिला पाठ होतं.

आई नंदनवनच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर तीन वर्षं ही गोष्ट लिहीत होती. 'गोपिकाची शाळा' असं तिचं नाव. दोन वर्षांपूर्वी आईने टाइप करून घेतलेली प्रत रोशनीपुढे ठेवली होती. रोशनी जगभरचं वाचायची, पण आईची दोन प्रकरणं वाचून तिने ती प्रत कपाटात ठेवली. पुढं वाचते म्हणाली. पुढं ती वाचली तेव्हा आई नव्हती. मग मात्र तीनदा वाचली, आणि तिन्ही वेळा चष्म्याच्या प्रसंगापाशी थांबली. असं सुचणारी बाई आपल्या घरात स्वयंपाक करत होती आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, हे तिला गिळता येत नव्हतं.

रविवारी शोभामावशी आली. शोभामावशी म्हणजे आईची शाळेतली सोबतीण. रोशनीच्या जन्माआधीपासून या घरात तिचं येणं-जाणं. आई गेल्यापासून दर रविवारी येऊन ती फोटो पुसायची, उदबत्ती लावायची. त्या दिवशी पुसताना फोटोवरच्या हाराचा दोरा तुटला. मावशीने उदबत्तीच्या ताटलीतली चिमूटभर राख बोटांना लावली, तुटलेली टोकं अंगठ्याखाली धरून पिळली आणि हार परत अडकवला. रोशनी तेव्हा पुस्तकाबद्दल सांगत होती.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सोड ना वं रोशनी. कौसल्या गेली. आता पुस्तकावर कोणाचं नाव हाय यानं तिले काय फरक पडते?"

"मला पडतो," रोशनी म्हणाली.

आईने काय मागे ठेवलं होतं? पेन्शनची कागदपत्रं, दोन पैठण्या आणि ही एक गोष्ट. मुखपृष्ठावर तिचं नाव यायलाच हवं होतं. त्याशिवाय कपाटात पडून राहिलेल्या त्या दोन वर्षांची भरपाई होणार नव्हती.

आईची गोष्ट चौघांच्याच हातात गेली होती. टाइप करणारा अश्विन, एजंट श्वेता काळबांडे, शोभामावशी आणि ती स्वतः. अंकुर मेंढेच्या पुस्तकात आभाराच्या पानावर पहिलंच नाव श्वेता काळबांडेचं होतं.

२

नागपुरात बसून लेखकांची एजन्सी चालवणारी बाई म्हणून श्वेताची निम्मी चेष्टा व्हायची आणि निम्मा दबदबा होता. लेखकांची बाडं वाचायची, त्यातलं निवडून पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांपुढे ठेवायचं, करार करून द्यायचा, हा तिचा धंदा. मनीषनगरातल्या तिच्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत बाडांचे ढीग खुर्च्यांवर होते, त्यामुळे रोशनीला बराच वेळ उभंच राहावं लागलं.

श्वेताने आढेवेढे घेतले नाहीत. फाईल काढून पुढे केली. नियमाप्रमाणे ती पहिली तीन प्रकरणं आणि एक पान सारांश मागवते. कौसल्याबाईंनी तेवढंच पाठवलं होतं, आणि ते आवडलं नाही म्हणून पुढचं तिने मागवलंच नाही. रोशनीने सारांश वाचला. त्यात चष्मा नव्हता. आपल्या गोष्टीतली सगळ्यात मोठी गोष्ट आईला सांगण्याजोगी वाटली नव्हती.

म्हणजे ज्याने उचललं त्याच्याकडे पूर्ण बाड होतं, आणि ते या खोलीत कधी आलंच नव्हतं.

"मग तीच गोष्ट अंकुरच्या नावाने आली तेव्हा बरी कशी आवडली?" रोशनीने विचारलं.

"तीच नाही ती." श्वेताने चष्मा कपाळावर सरकवला. "मुलांच्या पुस्तकात मी पहिल्या पानावर एक बघते, या पोराला काय हवंय. आणि शेवटच्या पानावर बघते, ते त्याचं त्याने मिळवलं का. तुमच्या आईच्या गोष्टीत पोरगी अडकते आणि शाळेतल्या बाई येऊन तिला सोडवतात. अहो, आजच्या पोरांना घरी, शाळेत, ट्यूशनला दिवसभर सोडवणारेच भेटतात. पुस्तकातही तेच भेटले तर ती पुस्तक कशाला धरतील?"

"आणि भाषा?"

"भाषा चांगली होती. पण हे बघा." फाईलच्या कव्हरवर श्वेताने पेन्सिलीने शेरा मारला होता: लेखिका दारात उभी राहून माग बघते, आत येत नाही.

रोशनीला तो शेरा आईच्या वतीने लागला. पण त्याच वेळी तिच्या ध्यानात आलं, अंकुरच्या पुस्तकात शाळेतल्या बाई नव्हत्याच. निळ्या काठाची साडी नेसणाऱ्या, पर्समध्ये फुटाणे ठेवणाऱ्या, पोरांची नखं स्वतः कापणाऱ्या बाई. आईने स्वतःलाच लिहिलं होतं. कोणीतरी त्यांना पानापानांतून काढून टाकलं होतं.

निघताना श्वेता म्हणाली, "शनिवारी दुसरी आवृत्ती छापायला जातेय. शुक्रवारपर्यंत पुरावा आणा. मुखपृष्ठावरचं नाव मी बदलायला लावीन. चोरीचा माल मी विकत नाही."

हातात चार दिवस होते, आणि पूर्ण बाड असलेली माणसं दोनच उरली होती. त्यातली एक तर घरचीच. रोशनी थेट अश्विनच्या दुकानात गेली.

३

अश्विनचं टायपिंगचं दुकान म्हणजे आजोबांच्या घराची पुढची खोली. लग्नपत्रिका, भाडेपत्रं, कॉलेजचे प्रकल्प हे त्याचं काम. रोशनीने आरोप केला नाही, पण त्याला तो बरोबर कळला.

"ताई, तुमच्या आईनं मले चौथीत शिकवलं," तो म्हणाला. "त्यायची गोष्ट मी काहून विकू? आन् विकाले मले ती समजाले तर पाहिजे. मी अक्षरं टाइप करतो, वाचत नाही."

त्याने फाईल उघडून दाखवली. दोन वर्षांपूर्वीची तारीख, त्यानंतर एकदाही उघडलेली नाही. रोशनीने दहावं प्रकरण पडद्यावर आणायला सांगितलं आणि छापील पुस्तक शेजारी धरलं. इथे दोन्ही गोष्टी वेगळ्या होत होत्या. मागावरचा ताणा, म्हणजे लांबीचे उभे धागे, संपलेला आहे आणि लग्नाचं लुगडं अर्धं राहिलं आहे. आईची गोपिका उरलेले धागे कापते, माग झाडून पुसून स्वच्छ करते आणि नवा ताणा चढवते. प्रसंग मोठा टापटिपीचा उतरला होता. तिने तो मोठ्याने वाचला.

आतल्या दारात अश्विनचे आजोबा, महादेवराव, येऊन बसले होते. त्यांनी तरुणपणी माग चालवला होता. ते हसायला लागले.

"हे कोणं लिहिलं गा? ज्यानं लिहिलं त्यानं माग पाहिला हाय, चालवला नाही. धागे कापून टाकले तर नवा ताणा चढवाचा कसा? अडीच हजार धागे मागाच्या फणीच्या फटींतून एकेक करून पुन्हा ओवाचे? जुनी टोकं फणीतच राहू द्याची. त्याले नव्याचा एकेक धागा पिळून जोडाचा, आन् मंग ओढाचा. हे विणकराच्या घरचं शेंबडं पोरगंही जाणते."

आई कळमेश्वरकडच्या शेतकरी घरातली. तिला तूर आणि कपाशी ठाऊक. माग तिला कुठून ठाऊक असणार?

रोशनीने छापील पुस्तकातलं पान वाचलं. तिथली पोरगी, भागी, जुनी टोकं फणीतच ठेवते. डाव्या हातात जुना धागा, उजव्यात नवा, चिमूट राखेत बुडवून अंगठ्याने पीळ देते. दर शंभर धाग्यांमागे भिंतीवर एक रेघ ओढते.

"हे बरोबर," महादेवराव म्हणाले. मग थोडं थांबून, "पण आमच्या घरी राख नव्हती. आमी थुंकी लावून पिळत होतो. राखवालं दुसरं घर असंल."

अश्विनवर राहिलेला थोडासा संशयही तिथेच गेला. आजोबांनी गोष्ट सुधारून दिली असती, तर त्यात राख आली नसती. चोराने नुसतं उचललं नव्हतं. आईची चूक दुरुस्त केली होती.

४

मिहान उद्योगवसाहतीतल्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये अंकुर मेंढे तिच्यासमोर बसला तेव्हा त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि चेहऱ्यावर पकडला गेल्याची सुटका होती. वय सत्तावीस-अठ्ठावीस. कॉफी त्यानेच आणली. पुस्तक छान चाललंय, शाळांमधून बोलावणी येतायत, हे त्याने एखादं आजारपण सांगावं तसं सांगितलं. एका शाळेत एका पोरीने त्याला विचारलं होतं की चष्मा शेवटी भागीने परत दिला की बापाने मागून घेतला. त्याला काही सांगता आलं नाही. तो म्हणे पोट दुखण्याचं सोंग करून निघून आला.

"मी सोपं विचारते," रोशनी म्हणाली. "धागे जोडताना बोटांना काय लावतात?"

"पाणी?" तिच्याकडे बघून त्याने उत्तर बदललं. "फेविकॉल?"

स्वतःचंच पुस्तक त्याने एकदा तरी नीट वाचलं होतं की नाही, शंका होती. रोशनीने ते पान उघडून त्याच्यासमोर ठेवलं. त्याने वाचलं आणि कप बाजूला सारला.

"दीदी, मैं क्या बोलू? मी लिहिलं नाही, हे तुम्हाला कळलंच आहे. मी फक्त मेल केला, आणि फोटोपुरता उभा राहिलो. नाही म्हणता येणार नव्हतं, लहानपणी अर्धा वेळ त्यांच्याकडेच जेवलोय." मग उठता उठता म्हणाला, "एक सांगतो. ज्यांनी लिहिलं त्यांनी चोरलेलं नाही."

चोरलेलं नाही! एकेक प्रसंग आईचा, कित्येक वाक्यं जशीच्या तशी आईची. ती भडकूनच रिक्षात बसली.

५

घरी आल्यावर तिने आईची प्रत आणि छापील पुस्तक टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि रागाला बाजूला बसवून विचार केला. लिहिणाऱ्याकडे आईचं पूर्ण बाड होतं. लिहिणारा मागावर बसलेला होता, आणि तोही राख लावणाऱ्या घरातला. अंकुरसारख्या पोराला जेवू घालून वाढवणारा, ज्याला अंकुर नाही म्हणू शकणार नाही असा. आणि त्याला आईच्या गोष्टीतल्या बाई नको होत्या. नुसतं चोरायचं असतं तर बाईंना काढायचं कारण नव्हतं. तो राग होता.

ती उठून फोटोपाशी गेली. हार उतरवला आणि दोरा बोटांमधून सरकवत नेला. जोड कुठे आहे ते कळेना. गाठ नव्हतीच. एका ठिकाणी दोरा किंचित करडा झाला होता.

ती शोभामावशीच्या घरी पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मावशीने दार उघडलं, रोशनीच्या हातातलं पुस्तक आणि हार पाहिला, आणि आत जाऊन चहाचं आधण ठेवलं.

"अंकुर तुझा कोण?" रोशनीने विचारलं.

"जावेचा नातू." मावशी समोर बसली. "तुले चष्मा आवडला ना? कौसल्या सांगे, रोशनीले चष्मा आवडंल."

"त्यासारखं मी काही वाचलेलं नाही."

"तो मी लपवला होता. माझ्या बापाचा. उमरेडले." मावशीचा आवाज वर्गात हजेरी घ्यावी इतका सरळ होता. "पाच दिवस पिठाच्या डब्यात ठेवला. सहाव्या दिवशी बाप म्हणे, पोरी, चष्मा धुऊन पेटीत ठेव, मले दिसत नाही हे मले माहीत हाय. आयुष्यात मी हे एकाच माणसाले सांगितलं. शाळेत, डब्याच्या सुट्टीत. ताणा जोडला तेही तिलेच सांगितलं. तिनं ते बरोबर ऐकलंही नाही. धागे कापून टाकले."

रोशनीला वाटलं, आता आपण काहीतरी बोललं पाहिजे. आईच्या बाजूने. लेखक सगळीकडून घेतोच, असं काहीतरी. पुस्तकांत तिने ते शंभर ठिकाणी वाचलं होतं. आता त्यातलं एकही ओठांवर आणण्याजोगं वाटेना.

"तू आईला विचारायचं होतंस," ती एवढंच म्हणाली.

"विचारलं. तिनं मले बाड वाचाले दिलं, मी वाचलं, आन् विचारलं, कौसल्या, यात मी कुठं हाय? ती हसली. म्हणे, अगं तू कशी असशील, ही तर गोपिका. आन् त्या बाई म्हणजे मी." मावशीने कप खाली ठेवला. "मले कोण्या बाईनं सोडवलं नाही, रोशनी. ताणा मी जोडला. शाळा सुटली ती मी परत धरली. कौसल्या मले भेटली तवा मी तिच्याच पगाराची मास्तरीण होतो. तिच्या गोष्टीत मात्र तिनं मले बोटाले धरून शाळेत नेलं. नखं कापली माह्यी."

"मग तुझ्या नावाने लिहायचं. अंकुर कशाला?"

"ती दवाखान्यात होती. माह्यं नाव दिसलं असतं तर तिले कळलं असतं."

"म्हणजे तिला कळू द्यायचं नव्हतं."

खाली कोणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं, ती चालू होईना.

"तसंच ठरवलं होतं," मावशी म्हणाली. "पण निभलं नाही मले. छापाच्या आधीचे कागद आले तवा ते घेऊन गेलो. म्हटलं, एका नव्या पोराची गोष्ट हाय, वाचून दाखवतो. तीन दुपारी वाचली. ती डोळे मिटून ऐके. चष्म्यापाशी तिनं डोळे उघडले, पण बोलली नाही. संपल्यावर इतकंच विचारलं, शोभा, बाई कुठं गेल्या?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, या पोराच्या गोष्टीत बाई नाहीत."

"मग?"

"भिंतीकडे कड बदलली. चौथ्या दिवशी गेली." मावशीने पदराने टेबल पुसलं. टेबलावर काहीच सांडलेलं नव्हतं. "मले तिच्या तोंडून फक्त 'चुकलं' एवढं ऐकाचं होतं. मी वाट पाहत बसलो. ती मरून राहिली होती आन् मी वाट पाहून राहिलो होतो. आता तुले श्वेता मॅडमले सांगाचं तर सांग. मी नाही म्हणणार नाही."

६

रोशनीने सांगायचं ठरवलं. दिलेल्या मुदतीचा एक दिवस उरला होता आणि पुरावा हातात होता. मावशीवर अन्याय झाला हे खरं, पण वाक्यं आईची होती, तीन वर्षं आईची होती. शिवाय आईचं मन असं नव्हतं. ऐकलेलं कुठलं, सुचलेलं कुठलं, याची लिहिताना माणसाला शुद्ध राहत नाही. आईने जाणूनबुजून काही केलं नव्हतं. तेवढं सिद्ध झालं तर दोन्ही नावं शेजारी शेजारी छापायला काय हरकत होती?

ते सिद्ध करायला तिने पहिल्या खर्ड्याच्या वह्या काढल्या. लोखंडी कपाटात, शाळेच्या जुन्या निकालपत्रकांखाली, त्या सात वह्या होत्या. अश्विनला दिलेली प्रत यांच्यावरून उतरवलेली. पहिली वही तिने जमिनीवर बसूनच उघडली.

'शोभा सकाळी उठली तेव्हा माग बंद होता.'

शोभा या नावावर लाल रेघ होती. पट्टी लावून ओढलेली, सरळ. वर बारीक अक्षरात गोपिका. खालच्या ओळीतही तसंच. पुढच्या पानावर अकरा वेळा. रोशनी पानं उलटत गेली. पहिली वही अशीच, दुसरी अर्धी अशीच, एकही शोभा नजरचुकीने राहिलेली नव्हती. अर्ध्या वहीनंतर लाल रेघा थांबल्या आणि नुसती गोपिका सुरू झाली. मोठ्या काळजीने, वही तपासावी तशी, आईने आपल्या मैत्रिणीला गोष्टीतून बाहेर काढलं होतं.

आभाराचं पान असेल म्हणून तिने सातही वह्या शेवटापर्यंत पाहिल्या. शेवटच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'माझ्या रोशनीस.' आणखी काही नव्हतं.

आईवर रागावण्यासाठी आई असावी लागते, ही गोष्ट तिला त्या संध्याकाळी नव्याने कळली.

मग तिने श्वेताला फोन लावला आणि सांगितलं की मुखपृष्ठावरचं नाव चुकीचं आहे. ही गोष्ट शोभाताईंची आहे. त्यांनी जगलेली आणि त्यांनीच लिहिलेली. अंकुरला हे मान्य आहे, शोभाताई नाही म्हणणार नाहीत. हवं तर ती स्वतः लिहून द्यायला तयार आहे.

पलीकडे श्वेताने कागद ओढल्याचा आवाज आला. "आणि तुमच्या आईचं नाव? तुम्ही तर त्यासाठी आला होतात. निदान आभारात घालू?"

"नको," रोशनी म्हणाली. "कुठेच नको."

श्वेता धंद्यातली बाई होती, तिने आणखी खोदलं नाही. "बरं. पूर्ण नाव सांगा. आणि सासरचं आडनाव घालायचं की माहेरचं?"

"माहेरचं," रोशनी लगेच म्हणाली. माग माहेरी होता. राख माहेरची होती.

"सांगा."

रोशनीच्या जन्माआधीपासून जी बाई या घरात चहा घेत होती, तिच्या तापात जिने रात्री जागवल्या होत्या, तिचं माहेरचं आडनाव रोशनीला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

"विचारून सांगते," ती म्हणाली.